चामडं पितं तेवढं

ओम्दुरमानच्या बाजारात हाज तिजानींच्या दुकानासमोर बाबिकर कॉफीत घालायच्या सुंठीसाठी उभा होता, तेव्हा त्याला आपला आकडा दिसला. परगावच्या गर्दीत अचानक शेजारच्या घरातला माणूस दिसावा आणि हा इथे कसा, असं वाटून क्षणभर त्याचं नावच आठवू नये, तसं झालं. दोरीला टांगलेल्या पुड्यांच्या माळेत तो हिरव्या शाईत छापलेला होता. २६.४ टक्के. वर बाभळीच्या शेंगेचं चित्र, खाली ‘प्रयोगशाळेत तपासलेली. जखमा, गळवं, घसा.’ पुड्या वाऱ्यानं हलत होत्या आणि त्यांच्याबरोबर आकडाही हलत होता. बाबिकरच्या वहीत तो पेन्सिलीनं लिहिलेला, तीनदा पडताळून मग शाईनं गिरवलेला होता. तिथे तो कधी हलला नव्हता.

“ओळखलंत ना, उस्ताद?” हाज तिजानी आतून म्हणाले. “तुमचंच लेकरू आहे. आम्ही फक्त कपडे चढवले.”

बाबिकरनं पुडी उलटीपालटी करून पाहिली. तो ज्या प्रयोगशाळेत मोजणी करायचा, तिथल्या दाखल्याच्या तळाला एक बारीक ओळ असे. बावीस वर्षं तो प्रत्येक दाखल्यावर ती लिहीत आला होता. “हाजी, खालची ओळ राहिली,” तो म्हणाला.

“कुठली?”

“हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता, ही.”

“अहो, पुडी केवढी आणि तुमची ओळ केवढी! ती छापली तर शेंगा कुठे भरू?” बाकावर बसलेली दोन माणसं हसली. हाजींनी सुंठीबरोबर एक पुडी त्याच्या पिशवीत टाकली. “घरी दाखवा. सित्तनाला सांगा, तुझ्या भावाचं नाव आता अख्ख्या बाजारात टांगलंय.”

नाव नव्हतं टांगलं, आकडा टांगला होता. पण परत येताना, भर उन्हात, बाबिकरला आतून काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं होतं. हे त्यानं पुढे कुणाला सांगितलं नाही. खालच्या ओळीबद्दल आणखी एकदा बोलायला हवं होतं, हेही त्याला त्याच वेळी ठाऊक होतं. पण दुसऱ्यांदा बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पहिल्यांदा बोललेलं कुणी ऐकलं नाही की त्याला वाटे, आपलंच काही चुकत असेल. वर्गात असताना, नोकरीच्या मुलाखतीत, एकदा एका मुलीच्या बापासमोर बसलेला असताना, दर वेळी तो एकदाच बोलला होता.

त्या शुक्रवारी नमाजानंतर नेहमीप्रमाणे तो सित्तनाकडे गेला आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली दोरीच्या बाजेवर बसून त्यानं पुडी तिच्या मांडीवर ठेवली. “बघ,” एवढंच म्हणाला. सित्तनाला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. कोर्टाच्या भिंतीपाशी चहाची शेगडी मांडून तिनं आकडेच शिकले होते आणि त्या शेगडीच्या कमाईवर भावाला शिकवलं होतं. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा, ती एकोणीसची. “हा तुझा?” तिनं बोट ठेवलं. “माझा.” तिनं अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर डोक्यावर सारखा केला, जणू कुणी वडीलधारं आलं होतं, आणि मग भिंतीपलीकडच्या शेजारणीला हाक मारून सांगितलं, “अगं, माझ्या आईच्या लेकानं काढलेला आकडा बघायला ये! लोक तो औषधासारखा विकत घेतायत!” बाबिकर खाली बघत बसला. थांबवावंसं वाटत होतं आणि वाटतही नव्हतं.

तो आकडा त्यानं कसा काढला होता ते तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं असतं तर सांगायला त्याला आवडलं असतं. शेंगा कुटायच्या, पाण्यात उकळून गाळून घ्यायच्या, मग त्या पाण्याचे दोन भाग करायचे. एकात गाईच्या कातड्याची धुतलेली पूड घालून तासभर हलवत ठेवायचं. शेंगेतला तुरटपणा म्हणजे टॅनिन, आणि टॅनिनला कातडं दिसलं की ते त्याला जाऊन चिकटतं. कातडं ते पिऊन घेतं. मग दोन्ही भागांत रंग आणणारं औषध घालायचं. दोन्ही निळे होतात, एक गडद, एक फिका, आणि यंत्र दोन निळ्यांमधलं अंतर सांगतं. ते अंतर म्हणजे टॅनिन, शंभर भाग शेंगेत २६.४. चामडं पितं तेवढं. शिवाय शेजारच्या खोलीत काचेच्या थाळीत गळवातले जंतू वाढवून मधोमध शेंगेच्या पाण्याचा थेंब टाकलेला असे. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसे, त्याची रुंदी पट्टीनं मोजायची. एकोणीस मिलिमीटर. चांगलं वर्तुळ होतं. ते पाहून त्याला लहानपणी गुडघ्याला शेंगेची पूड लावणारी आई आठवली होती, आणि आई बरोबर होती हे आपण आज मोजून दाखवलं, असं काहीतरी त्या एकट्या खोलीत त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

सित्तनाच्या पायावर निखारा पडला तो पुढच्याच आठवड्यात. कॉफी भाजताना शेगडीतून एक उडाला आणि डाव्या पायाच्या अंगठ्यामागे चपलेत शिरला. तिला कळलंच नाही. साखरेच्या आजारानं तिचे पाय दोन वर्षांपासून बधिर झाले होते. “मला वाटलं शेजारीण मांस भाजतेय,” तिनं बाबिकरला हसत हसत सांगितलं, “म्हटलं, आज काय सण आहे, आणि आपल्याला कसं बोलावलं नाही!” तिची मुलगी इख्लास शाळेत शिकवायची. तिला हसू आलं नाही. “मामा, तू सांग हिला. दवाखान्यात चल म्हणते तर पुडी दाखवते.” पुडी उशीखाली होती. सित्तनाचा लाकडी खल तडकला होता म्हणून तिनं शेजारणीचा लोखंडी आणला होता, त्यात शेंगा बारीक कुटून, पाण्यात कालवून जाड लेप दिला होता. तो वाळला की वर दुसरा, त्यावर तिसरा. बाबिकरनं वाकून पाहिलं. जखमेवर तपकिरी, कोरडी, घट्ट खपली धरली होती. कडा स्वच्छ होत्या. पू नाही, माश्या नाहीत. त्यानं नखानं हलकेच टकटक केलं तर बुटाच्या तळव्यासारखा आवाज आला.

“दाखवायला हरकत नाही,” तो म्हणाला.

“कुणाला?” सित्तना म्हणाली. “तो डॉक्टर तरी काय लिहून देणार? त्याच्या चिठ्ठीवर तुझा आकडा असतो का?”

“आई, मामा फक्त मोजतो. तो डॉक्टर नाही.”

“मोजल्याशिवाय कळतं का कुणाला काही? तू गप्प बस, पोरींना पाढे शिकव जा.”

बाबिकरनं एकदा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. खपली खरंच चांगली दिसत होती. नंतर किती वेळा त्यानं तो क्षण मनात परत लावून पाहिला, खपली तरीही चांगलीच दिसली. वाईट काही दिसलं असतं आणि त्याकडे दुर्लक्ष केलं असतं, तर निदान स्वतःला धरून काही म्हणता आलं असतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी इख्लास दारातच उभी होती. “काळा पडलाय,” ती म्हणाली, आणि बाजूला झाली. सित्तना बाजेवर पाय लांब करून बसली होती आणि तिनं आल्याआल्या थट्टा केली. “ये, बघ, म्हातारपणी नवरी झाले मी.” अंगठा, त्यामागचा उंचवटा आणि तळव्याचा अर्धा भाग नवरीच्या पायाला काळी होईपर्यंत मेंदीची तीन पुटं देतात तसा काळा झाला होता. नवरा गेल्यापासून तिनं मेंदी लावली नव्हती, विधवेनं लावायची नसते. आता एक पाय लग्नघरातल्या बाईचा दिसत होता आणि दुसरा तिचा. “दुसऱ्याला पण लावते थांब,” ती म्हणाली, “नाहीतर लोक म्हणतील, हिचा अर्धाच नवरा परत आला.”

आणि मग बाबिकरनं ते सांगितलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. इख्लास त्याच्याकडे बघत होती, सित्तना बघत होती, आणि त्याच्याजवळ एक उत्तर होतं, इतकं पुरेपूर, इतकं स्वच्छ उत्तर आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाच्या हाताशी असतं. “लोखंड,” तो म्हणाला. “खल लोखंडी आहे ना? शेंगेतल्या टॅनिनला लोखंड भेटलं की काळं होतं. पूर्वी शाई अशीच करायचे. पायाला शाई लागलीय, दुसरं काही नाही.” त्यानं आपल्या वहीच्या कोपऱ्यावर लेपाचं पाणी टाकून त्यात खलाचा गंज घासून दाखवला. कागद निळा-काळा झाला. सित्तनानं टाळी वाजवली. इख्लासनं कागद हातात घेऊन पाहिला, पायाकडे पाहिलं, परत कागदाकडे. “मग थांबू या?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात सुटका होती, ती त्यानं दिलेली होती. “पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू,” बाबिकर म्हणाला. “लेप बंद कर, रंग जाईल.”

रस्त्यावर आल्यावर त्याला वाटलं की आपण फार बोललो. नेहमीच वाटायचं. बसमध्ये बसल्यावर वाटलं की शाई पसरते तेव्हा तिची कड फाटकी असते, पायावरच्या काळ्याची कड मात्र रेघ मारल्यासारखी होती. हे आपण पाहिलं होतं की आत्ता मनानं बनवतोय, ते त्याला ठरवता येईना. उतरून परत जावं का? जाऊन काय सांगायचं? की मघाशी मी खात्रीनं बोललो ते खात्रीनं नव्हतो? माणसं अशा बोलण्याला हसतात. बस नाईलच्या पुलावर चढली, खाली पाणी मातकट, संथ. त्यानं डोळे मिटले आणि कागद काळा होताना आठवला. कागदावर चूक नव्हती.

सोमवारी तो प्रयोगशाळेत लवकर गेला. सित्तनाच्या पुडीतल्या मूठभर शेंगा त्यानं रुमालात बांधून आणल्या होत्या. त्यानं मनात एक विचित्र आशा धरली होती: आकडा चुकलेला निघावा. हाजींनी दुसऱ्याच झाडाच्या शेंगा भरलेल्या असाव्यात, किंवा पहिल्या खेपेला आपण वजनात घोटाळा केलेला असावा, आणि सहा टक्के निघावेत, चार निघावेत. मग जाऊन सरळ सांगता येईल, अगं, हे फसवं आहे, टाकून दे, चल दवाखान्यात. त्यानं शेंगा कुटल्या, उकळल्या, गाळल्या, कातड्याची पूड घातली. बाटली हलवताना पूड आधी पांढरी होती, मग पिवळसर, मग तपकिरी, आणि शेवटी तिचे तंतू एकमेकांना धरून कडक झाले. गाळणीत उरलेला तो कोरडा, घट्ट गोळा त्यानं चिमटीत धरला.

“उस्ताद, हा नमुना कुणाचा?” अवादिया म्हणाली. ती त्याची मदतनीस, वीस वर्षांनी लहान, आणि त्याला टोमणे मारायचा हक्क तिनं पहिल्याच वर्षी घेतला होता. “वहीत नोंद नाही.”

“माझाच.”

“का, घसा बसलाय? बसलेला कळणार कसा, तुमचा चालू घसा तरी कुणी ऐकलाय!”

“अवादिया,” तो म्हणाला, “हे जिवंत कातड्याला लागलं तर काय होईल?”

“तेच. घट्ट होईल. आमच्या गल्लीतले चांभार दुसरं काय करतात?” मग ती थांबली. “जिवंत म्हणजे? कुणाच्या?”

“असंच विचारलं.”

यंत्रानं आकडा दिला. २६.९. आधीपेक्षा थोडा जास्तच. त्यानं परत केलं, २६.८. हाज तिजानी प्रामाणिक माणूस होता, शेंगा उत्तम होत्या, वजन बरोबर होतं, पद्धत बरोबर होती. हाताच्या कामात कुठेही चूक नव्हती आणि ती शोधत तो संध्याकाळपर्यंत बसला. खपलीखाली हवा गेली नसेल, आतलं बाहेर आलं नसेल; झाकण जितकं चांगलं, तितकं खाली… हे वाक्य तो मनात पुरं करत नव्हता. थाळीतल्या वर्तुळात जंतू मेले होते हे खरं होतं. पण थाळीला खोली नसते. पायाला असते.

तरी तो सोमवारी गेला नाही, मंगळवारी गेला नाही. आपण शुक्रवार सांगितला होता, मधेच गेलो तर ती घाबरेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं तर घाबरणारं कोण होतं ते त्याला कळत होतं. बुधवारी दुपारी इख्लासचा फोन आला. “मामा, वास येतोय. शाईला वास असतो का?”

तो पोचला तेव्हा सित्तनाला ताप भरला होता, पण तिनं त्याच्यासाठी किसऱ्याची पातळ भाकरी आणि भेंडीची आमटी झाकून ठेवायला लावली होती. अंगणात कडुलिंबाखाली तो गोडसर, जड वास उभा होता. काळ्याची कड घोट्यापर्यंत आली होती. रेघ मारल्यासारखी. बाबिकर बाजेच्या कडेला बसला आणि त्यानं ठरवून आणलेलं खोटं बोलून टाकलं. “सित्तना, तो आकडा चुकला होता. परत काढला. काहीच नाही त्या शेंगांत. फुकट आहेत. ऊठ, दवाखान्यात जाऊ.”

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तापानं तिचे डोळे चकाकत होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, “हे कुणाजवळ बोललास का?”

“नाही.”

“बोलू नको. नोकरी घालवशील. हाजी बिचारा पण मरेल.” तिनं त्याचा गुडघा थोपटला, नऊ वर्षांच्या पोराचा थोपटावा तसा. “आणि तू चुकत नाहीस, मला माहितेय. लहानपणी सुटे पैसे तीनदा मोजायचास आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं. माझ्यासाठी खोटं बोलतोयस. बरं. तुझी एवढी इच्छा आहे तर येते. जेव आधी.”

तो जेवला. नाही म्हणायला हवं होतं, एकेक मिनिट जात होतं, इख्लास दारात रिक्षा घेऊन उभी होती, पण सित्तना ताटाकडे बघत बसली होती आणि तो घास गिळत राहिला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर बाईंनी चिमट्यानं खपलीची कड उचलली. ती सबंध निघाली, बुटाचा तळ निघावा तशी, आणि आतून जे बाहेर आलं ते पाहून इख्लास भिंतीकडे वळली. सित्तनाला काहीच दुखलं नाही. ती छताकडे बघत होती. डॉक्टर बाईंनी हाडाला चिमटा लावून पाहिला, घोट्याच्या वर दाबलं, पोटरीवर दाबलं. विष वर चढत होतं. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल आणि आजच, त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. “आठ दिवस आधी आला असतात तर कदाचित अंगठ्यावर भागलं असतं,” त्या म्हणाल्या.

आठ दिवस. बाबिकरनं मोजले. मोजायची गरज नव्हती. गेला शुक्रवार पाच दिवसांपूर्वीचा होता, म्हणजे तेव्हासुद्धा उशीर झालेला असेल. म्हणजे आपण थांबा म्हटलं त्यानं फारसं बिघडलं नसेल. पण ‘कदाचित’ म्हणाल्या त्या, आठ हा अंदाज होता, पाचही चालले असते का? हे त्यांना विचारता आलं असतं. एका प्रश्नात कळलं असतं. तो प्रश्न त्याच्या घशाशी आला, आणि आपण तो कुणासाठी विचारतोय हे लक्षात येऊन त्याला स्वतःची शिसारी आली.

डॉक्टर बाईंनी कागद घेतला. “यावर काय लावलं होतं?”

“बाभळीच्या शेंगा,” सित्तना म्हणाली.

“कुणी सांगितलं लावायला?”

खोलीत पंखा कुरकुरत होता. इख्लास वळली. तिनं मामाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. बाबिकरनं तोंड उघडलं. हे वाक्य त्याला अगदी सोपं दिसत होतं, चार शब्दांचं, दाखल्यावर लिहावं तसं. तेवढ्यात सित्तनानं चादरीखालून त्याचं मनगट धरलं. तिचा हात तापलेला होता आणि पकड अजून चहावालीची होती.

“सांगायचंय कुणी?” ती म्हणाली. “बायकांचे उद्योग. आमच्या आईपासून चालत आलंय.”

“आणि काळं पडलं तेव्हा? तेव्हा कुणाला दाखवलं नाहीत?” डॉक्टर बाईंनी मान वर करून बाबिकरकडे पाहिलं. “तुम्ही कोण यांचे?”

“भाऊ,” तो म्हणाला.

“शिकलेले दिसता. तुम्ही पाहिलं नव्हतं?”

“त्याला काय विचारता बाई,” सित्तना म्हणाली. ती हसत होती, गिऱ्हाइकाशी हसावं तसं. आयुष्यभर जिनं भिंतीपलीकडे हाका मारून त्याची विद्या सांगितली होती, तिचा आवाज आता अगदी सहज, उडवून लावणारा होता. “कचेरीत कागद खरडतो तो. त्याला यातलं काही कळत नाही.”

डॉक्टर बाईंनी क्षणभर वाट पाहिली. मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली, आणि बाबिकरनं नाही म्हटलं नाही. त्यानं खाली पाहिलं. डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला: सकाळपासून पोटात काय गेलंय.